रकाना चौथा : फक्त डोळे

पहाटे पाचला, भिलवडीच्या घाटाखालून
रावजी अंबींनी होडी सोडली तेव्हा
नदी दिसत नव्हती, वास तेवढा येत होता,
मळीचा, शेवाळाचा,
पैलतीरी पेटवलेल्या पाचटाचा.

माझ्या मांडीवर वनखात्याचा तक्ता,
सुतळीला बांधलेली पेन्सिल.
रकाना पहिला : एक मीटरच्या आत.
दुसरा : दोनपर्यंत.
तिसरा : त्याहून मोठी.
चौथा : फक्त डोळे.

पुढच्या फळीवर भूपाल चौगुले,
द्राक्षं दुबईला धाडणारे,
साहेबांच्या ओळखीनं आलेले, गळ्यात जाडजूड दुर्बीण.
गेल्या दिवाळीत आफ्रिकेत होते म्हणे,
चोबे नावाच्या नदीवर.
"तिथं होडीला छप्पर असतं मॅडम,
फिरत्या खुर्च्या, थंडगार सरबत.
हत्ती पोहतात, सोंड तेवढी वर,
नळकांडं धरल्यागत.
पाणघोडा जांभई देतो
आणि सगळे कॅमेरे एकदम वाजतात,
कडाकड, लग्नातल्या फटाक्यांसारखे."

रावजी वल्हं मारत होते.
ऐकतात की नाही, कळेना.
मग म्हणाले, "हत्ती पवत्यात व्हय?"
आणि बऱ्याच वेळानं, पाण्यालाच सांगितल्यासारखं,
"वला झाल्यावर लई जड होत असंल."

मी बॅटरी लावली.
लव्हाळ्याच्या बुडाशी एक निखारा,
कोणी विडी ओढत बसल्यासारखा.
मान वळली, दोन झाले.
मग पाण्यानं ते विझवले, आवाज न करता.
चौथ्या रकान्यात एक रेघ.

चौगुले उठून उभे राहिले. होडी कलली.
"खाली बसा."
रावजी एवढंच म्हणाले, पण अशा आवाजात
की दुर्बीणसुद्धा खाली बसली.

वळणावर मोटारीच्या खोपीपाशी
एक पोरगा, कानटोपी, दातांत विजेरी,
रात्रपाळीची वीज आली म्हणून
फुटव्हॉल्व्ह साफ करायला उतरलेला,
गुडघाभर पाण्यात.
त्याच्यापासून दोन कासऱ्यांवर
दोन निखारे, एकमेकांपासून ऐसपैस लांब,
म्हणजे तिसरा रकाना, मोजपट्टीशिवाय.
रावजींनी शीळ घातली.
पोरानं विजेरी काढून हातात घेतली, म्हणाला,
"ठावं हाय. थोरली हाय ती. हितलीच."
चुलतीबद्दल बोलावं तसं.
तरी एक पायरी वर सरकला.

चौगुल्यांनी दुर्बीण सुसरीवरून पोरावर नेली,
पोरावरून पुन्हा सुसरीवर आणली.
कॅमेरा वाजला नाही.

उजाडलं. धुकं सायीसारखं
एका काठाला गोळा झालं
आणि गाळावर ती दिसली, सगळीच्या सगळी,
जबडा उघडा, वैद्यापुढं बसल्यागत,
शेपटीवर वाळलेलं शेवाळ.
जबड्यापासून हातभर अंतरावर एक धोबी पक्षी
शेपूट हलवत येरझाऱ्या घालत होता,
उधारी मागायला आलेल्यासारखा.
चौगुल्यांचे ओठ हलत होते. दात मोजत होते बहुतेक.
आफ्रिकेबद्दल आता काही बोलत नव्हते.

पुढच्या घाटावर बायका धुणं धूत होत्या.
पाण्यात बाभळीचे फास रोवून
खोलीएवढी नदी आपली करून घेतलेली,
प्लास्टिकच्या बादल्या, निळीची पुडी,
कुणाचा तरी शाळेचा शर्ट आपटला जात होता.
एकीनं हात न थांबवता विचारलं,
"किती झाल्या ओ बाई?"
"सतरा."
"अठरा लिवा," ती म्हणाली.
"येक तुमच्या मागनं येतीया. त्या वळणापास्नं."

आम्ही तिघांनी एकदम मागं पाहिलं.
पाणी मिटलेलं होतं.
वल्ह्यानं पाडलेली भोवरी तेवढी
हळूहळू सरळ होत चाललेली.

मी पेन्सिल चौथ्या रकान्यावर नेली.
पण डोळे मी कुठं पाहिले होते?
त्यांनी पाहिलं होतं मला, पाठमोरी,
वळणापासून इथवर,
आणि तक्त्यात त्याला जागा नव्हती.
"लिवा," रावजी म्हणाले.
"पारूबाई मोजण्यात चुकत न्हाई.
गेल्या पावसाळ्यात तिची शेरडी गेली हितनंच."

पारूबाई शर्ट पिळत होती.
मी रेघ ओढली, जरा वाकडी आली.
चौगुल्यांनी, कोणी सांगितलं नसताना,
काठावर टेकवलेला हात
हळूच आत घेतला.