खळ

चिंचोके भाजले, फोडले, टरफलं पाखडली,
पांढऱ्या गराची पूड चाळून घेतली.
'पद्धत' या मथळ्याखाली हे सगळं लिहिलं आहे मी.
नायना म्हणाले, हे तर आमच्याच वेळचं.
साखर पेठेतल्या मागावर
ताण्याला अशीच खळ लावायचे,
सूत तुटू नये म्हणून.

मला हवी आहे अशी खळ
जी सुईतून पाण्यासारखी उतरेल
आणि जखमेच्या सांदीकोपऱ्यात शिरून
सदतीस अंशांवर थिजेल.
सोबत सांगोल्याच्या डाळिंबाची साल,
बाभळीचा डिंक, किंचित.

पण हे सोलापूर. मे महिना.
दुपारी वीज गेली की प्रयोगशाळा त्रेचाळीसवर
आणि जेल सिरिंजमध्येच घट्ट.
हत्तुरे सर म्हणाले, गावालाच माणसापेक्षा जास्त ताप,
आणि हसले. मी हसले नाही.
ती बारावी खेप होती.

घरी नायनांचा डावा पाय.
अंगठ्याखाली आठ आण्यांएवढी जखम होती,
आता रुपयाएवढी. साखर. चौदा महिने.
रोज रात्री मी मिठाचं पाणी, गॉज, पट्टी;
जुनी पट्टी सोडवताना
तिच्यासोबत निघून येते दिवसभरात धरलेली कातडी,
आणि ते पंख्याकडे बघत राहतात.

एकदा डबी घरी आणली, नुसती दाखवायला.
त्यांनी चिमटीत घेतलं,
बोटं मिटली, उघडली, तार बघितली.
"पलुचगा उंदी."
पातळ आहे म्हणे, माझी दोन वर्षं.
"घाईनं शिजवलीस. रात्रभर भिजू दे,
मग मंद आचेवर, एकाच दिशेनं ढवळ."
आणि पाय पुढे केला.
"लाव."

नाही लावलं.
अजून उंदरांच्या पाठीवरच आहे हे, नायना,
मग कागद, मग समिती, मग पुन्हा कागद.
"उंदरांचं बरं आहे," ते म्हणाले
आणि पाय चादरीत ओढून घेतला.
डबीचं झाकण लागता लागेना.

काल रात्री पूड भिजत घातली.
आता पहाटेचे साडेचार, प्रयोगशाळेत मी आणि वॉचमन.
ढवळते आहे, एकाच दिशेनं.
'पद्धत'मध्ये एक ओळ वाढवावी लागेल.
तिच्यापुढे संदर्भ म्हणून काय लिहायचं,
राजमौळी दिकोंडा, जॉबर, गिरणी बंद?

चिमटीत घेऊन बघते.
तार येते आहे,
बोटभर,
मग तुटते.