चोवीस बार

युनूस पिंजारी लीड वाजवायचा, मी बेस.
बेस असला की कुणाला ऐकू येत नाही,
नसला की गाणं लंगडतं, एवढंच माझं मोठेपण.
सांगायचं काम म्हणून माझ्याकडे.
त्याला विचाराल तर पिक दातात धरून
नुसती मान हलवेल.

गिटार आली रेल्वे क्वार्टरातून.
पर्थला निघालेल्या एका गार्डानं
पलंग, कोंबड्यांचं खुराडं आणि ती
एकाच दुपारी विकायला काढली होती.
युनूसच्या अब्बांनी खुराडं घेतलं.
गिटार मागाहून आली,
दोन गाद्या भरून देण्याच्या बोलीवर.

तिची मान वाकलेली. भुसावळचा मे
लाकडाला सोडत नाही, माणसाचं काय घेऊन बसलात.
सेहेचाळीस डिग्रीत जाड तार पाव सुरानं उतरायची.
तो तिला ओल्या पंचात गुंडाळून
माठाशेजारी निजवायचा,
ताप आलेल्या पोरासारखी.

त्याचे दादा पिंजण खांद्यावर टाकून
फैजपूर, सावदा, निंभोरा फिरलेले.
तातीवर दस्ता बसला की
कापूस आधी दचकायचा, मग उडायचा.
त्या आवाजात डिस्टॉर्शन होतं, असं युनूस म्हणाला
तेव्हा आम्ही हसलो.
मग त्यानं वाजवून दाखवलं.

बँडचं नाव आउटर सिग्नल.
ड्रमवर रॉबिन, गायला हेमकांत नेहेते,
केळीच्या ट्रकमालकाचा पोरगा,
दिसायला असा की चुकलेला सूरही माफ.
इन्स्टिट्यूटातला एकतीस डिसेंबर,
वरणगावच्या फॅक्टरीचं गॅदरिंग.
पारोळ्याला गर्दीनं स्टेज खचलं,
युनूस फळ्यांसकट खाली गेला,
सोलो मात्र येत राहिला खड्ड्यातून.

मग मुंबईत कॅसेट.
बत्तीस बारांचा सोलो होता त्याचा.
(बार म्हटलं की माझी आई घाबरायची,
तिला वाटायचं पोरं पितात.)
काचेपलीकडचा माणूस म्हणाला, आठ पुरे,
लोकांना गायकाचा चेहरा आठवला पाहिजे.
युनूसनं घड्याळ पाहिलं.
आठ वाजवले.

गाणं चाललं. पानटपऱ्यांवर, एस.टी. कँटीनात,
चोपड्याच्या सलूनमध्ये वस्तरा त्याच्यावर डोलायचा.
ते आठ बार लोक तोंडानं वाजवायचे, ट्यँव ट्यँव.
चोवीस कुठे गेले, कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा.

पुढे पोस्टरवर हेमकांत एकटाच आला.
भांडण झालं नाही. व्हायला हवं होतं.
रॉबिनची इगतपुरीला बदली,
मी लोको शेडात होतोच.
युनूस नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला:
सुरत, शारजा, सापुताऱ्याचं एक हॉटेल.
पत्रात तीनच ओळी.
जेवण बरं. गिटार बरी. अब्बांचा खोकला?

आता तो लग्नाच्या गाडीवर असतो,
मागे स्पीकरची भिंत, पायाशी जनरेटर.
"भो, आते आपलं गानं वाजाड!"
नवरदेवाचा मामा ओरडतो.
तो वाजवतो. मन लावून वाजवतो,
त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.
वाटायचा तो मला.

परवा यावलला रात्री दहाच्या ठोक्याला
पोलिसांनी जनरेटर बंद करायला लावला.
मांडवात ताटांचा आवाज, शेवभाजीचा वास.
वायर काढलेली गिटार त्यानं मांडीवर घेतली
आणि नववा बार सुरू केला.

नववा. मी मोजत होतो, सवयच ती.
दोन हातांपलीकडे काही जात नव्हतं.
दूर कुणाच्या अंगणात
गादीचा कापूस पिंजावा, एवढंच.
बोटं कुठे अडखळली नाहीत,
म्हणजे रोज वाजवत असणार हा,
इतकी वर्षं, कुठल्या कुठल्या खोल्यांत.

एकविसाव्याला वाढप्या मध्ये आला,
"चाचा, शेवटची पंगत बसते आहे."
युनूस उठला.
बाकीचे अकरा? मी विचारलं.
गिटार खोळीत सरकवत तो म्हणाला,
आधी भाजी. गार झाली की तर्री गोठते.