उघाडी

बेलापूरच्या धारण तलावाचं पंपहाउस.
कंत्राट आता आमच्या कंपनीकडे.
जुन्यांनी जाताना दिल्या
दोन किल्ल्या, वाळवी लागलेलं रजिस्टर
आणि पेनड्राइव्हवर एकच फाइल :
चालणारा प्रोग्राम. मूळ कोड नाही.
हरवला म्हणाले, छत्री हरवावी तसं.

तक्रार एवढीच, की उधाणाच्या दिवशी
झडप अकरा मिनिटं आधी मिटते.
का, ते कुणाला ठाऊक नाही.
काढून टाका, साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत.

महापेच्या ऑफिसात एसी दहाला बंद होतो.
त्यानंतर मी यंत्रभाषा उलगडत बसले.
उचल, तुलना कर, उडी मार, परत ये,
आणि मधेच ६६०.
नुसता ६६०. कुणाचा, कशासाठी,
काही नाही.

मग सहज ड्वार्फडम्प चालवून पाहिलं.
काही निघेलसं वाटलं नव्हतं.
माल देण्याआधी आतली नावं खरवडायची पद्धत आहे,
मोडीत घालायच्या पातेल्यावरचं नाव
आजोळचं असलं तरी खरवडतात, तशी.
इथे कुणीतरी विसरलं होतं.
किंवा विसरलं नव्हतं.

आधी पत्ता आला, कुठल्या फोल्डरात हे शिजलं त्याचा :
होम, दमयंती, पंप, फायनल-खरंच-फायनल-३.
रिकाम्या ऑफिसात मी मोठ्यानं हसले.

मग कुटुंबच्या कुटुंब.
हे फंक्शन, दोन जागा आत सरकून त्याची मुलं,
त्यांची भावंडं, प्रत्येकाचा प्रकार, माप,
कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर जन्म.
भरती. भांग. खाजणाचं_पाणी.
लिपी रोमन, पण वास खाडीचा.
उघाडी : ही मला चूक वाटली,
'उघडी'त एक काना जास्त.
वहीत लाल रेघ मारली.

आणि ओळ २१२.
बापूची_घाई.
पूर्णांक. न बदलणारा. किंमत ६६०.

खाली लगेच आणखी एक नाव, शंका.
प्रकार आहे, ओळ आहे, मेमरीत जागा नाही.
कंपायलरला तिचा उपयोग दिसला नसणार,
त्यानं तिला गाळलं.
गाळल्याची नोंद तेवढी राहिली.

सकाळी पंपहाउसवर गेले.
वॉचमन हिराजी कोपरकर, दिवाळे गावचे,
डब्याचं झाकण लावत म्हणाले,
"उघाडी म्हंजे बांधाचा दरवाजा.
तुमच्याकडं काय बोलतान?"
मी उदगीरची.
आमच्याकडे दाराबाहेर ठेवावं
इतकं पाणीच नसतं.

"आन् बापू?"
"बापू मढवी. मोटर नव्हती तवा चाक तोच फिरवाचा.
भरतीच्या लय अगोदर बंद करी. सगली हसाची.
तो बोले, खाचंत चिखल असतो,
झडप बसाला टाइम लागतं.
पोर त्याची कंप्युटर शिकली."
अकरा मिनिटं कशी मोजायचे?
"घड्याल कुठं व्हता? दोन बिड्या."

झडपेच्या खाचेत मी बॅटरी मारून पाहिलं.
चिखल होता.

गुरुवारी अहवाल लिहिला. दोष आढळला नाही.
आता नियमाप्रमाणे फाइल स्वच्छ करून द्यायची.
एका प्रतीवर ती कमांड चालवली,
अर्धा सेकंद लागला नसेल.
भरती गेली, भांग गेली, दमयंती गेली,
शंका तर दुसऱ्यांदा गेली.
६६० तिथेच, पुन्हा बिननावाचा.

दोन्ही फाइली चालवून पाहिल्या.
दोन्ही अकरा मिनिटं आधी मिटतात.
तलावाला काही फरक पडत नाही.

पाठवली ती जड असलेली.

आणि वहीतली लाल रेघ खोडायला गेले,
तर शब्दाखाली आता दोन रेघा झाल्या,
जास्तच ठळक दिसतो.