दिवा हिरवाच होता

निपाणीच्या पतसंस्थेनं सर्व्हर ठेवलाय
तिथं पूर्वी तंबाखूची वखार होती.
एसी बसवला, भिंती दोनदा रंगवल्या,
तरी रॅकचं दार उघडलं की आधी शिंक येते.

तिसऱ्या दिवशीही चारलाच थांबलं.
पिग्मीवाले आपापली मशीनं घेऊन रांगेत,
मल्लव्वा काउंटरवर कन्नडमधून विचारतेय, काय झालं,
आणि आतून कुणीतरी, "थांबा की वो, यतंय."

मी कार्डाच्या मागं टॉर्च मारला.
दिवा हिरवाच. केबल घट्ट.
ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, लिंक आहे.
आहे, पण एक पॅकेट बाहेर पडत नाही.
रांगेचं डोकं एकीकडं, शेपूट भलतीकडं,
मधे पाठवायचं सगळं ताटकळलेलं
आणि गेलं म्हणून कोण सांगेना.

केबल बदलली. स्विचचं पोर्ट बदललं.
रात्री दीडला, इथंच सतरंजीवर बसून, नवा कर्नल घातला.
लॉगमध्ये तीच ओळ, वेळ तेवढी वेगळी:
हार्डवेअर अडकलंय, कार्ड रिसेट करतोय.
रिसेट करतोय.
रिसेट करतोय.
ड्रायव्हर उतरवून परत चढवला की चालतं,
तासभर.
पाठ चोळून दिल्यासारखं.

हे शेवटचं माझं नाही, भूपालअण्णांचं.
याच वखारीत त्यांनी तीस वर्षं बोद उचलली,
आता शटर ओढतात, चहा आणतात.
"कंबर धरली की मालक तेलाची बाटली द्यायचा," म्हणाले.
"बोद हलकं करा म्हणायचं कुणाच्या डोक्यात येतंय?"

मग मी सेटिंग वाचायला घेतलं.
मोठमोठी गाठोडी कार्डाच्या अंगावर टाकून
सांगून ठेवलेलं, तूच फोड, तूच तुकडे कर, तूच पाठव,
आणि चारला सगळ्या गावाचा भरणा एकदम.
तेवढं काम काढून घेतलं. एका ओळीची कमांड.
प्रोसेसर तसाही निम्मा रिकामाच होता.

आज सतरावा दिवस.
दुरुस्त झालं असं मी लिहून दिलेलं नाही.
रजिस्टरात "निरीक्षणाखाली" एवढंच,
त्याखाली तेच कन्नडमध्ये,
मगदूम मॅनेजरांनी माझी दोन अक्षरं सुधारलेली.

चारला मी लॉग उघडून बसते.
भूपालअण्णा मागं येऊन उभे राहतात.
"काय लिवलं न्हाई?"
"नाही."
"मग बरं हाय."
एका हातात ट्रे,
दुसरा कमरेवर.