बर्फाखाली सहाशे बारा डॉलर

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण,
टेबलावर एकोणीस अर्ज, आर्लीनने आणलेला लिंबाचा केक,
आणि बँकेत चार हजार एकशे दहा डॉलर.
मागणी अकरा हजारांची.

पैसे कुठून येतात ते मला पाठ आहे:
मार्चमधल्या पॅनकेक न्याहारीतून,
गोधडीच्या लिलावातून, जी दरवर्षी तोच दंतवैद्य विकत घेतो
आणि पुढच्या लिलावाला परत देऊन टाकतो,
आणि व्हर्ना स्टेनरूडच्या मृत्युपत्रातून.
व्हर्नाने सव्वीस वर्षं शाळेत मुलांना सूप वाढलं.
तिच्याकडे एवढं असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मी खजिनदार. त्याआधी
मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला, धान्याच्या कोठारावर
एकतीस वर्षं वजनकाट्याशी बसलो.
भरला ट्रक येताना तोलायचा, रिकामा जाताना तोलायचा,
मधला फरक म्हणजे गहू.
आयुष्यभर मी फरकच लिहीत आलो.

अर्ज क्रमांक बारा. सातवीची शिक्षिका, रोंडा किवेला.
पाण्याखालचे दोन मायक्रोफोन, चाळीस मीटर वायर, एक रेकॉर्डर.
सहाशे बारा डॉलर.
हेतू: गोठलेलं तळं ऐकणं.
‘उपयोग’ या रकान्यात तिने लिहिलं होतं:
मुलं या तळ्यावर चालतात, मासे धरतात, गाड्या नेतात.
त्याला कधी कुणी विचारलंय?

मी म्हणालो, याचं करायचं काय?
डेल्बर्ट म्हणाला, बँडला झांजा हव्यात, त्या निदान दिसतात तरी.
ऐकूही येतात, आर्लीन केक कापत म्हणाली.
हात वर झाले. चार विरुद्ध तीन.
माझा हात तिनांत.
झांजा पुढच्या वर्षावर गेल्या.
तरी चेक मलाच लिहावा लागला,
आणि फोटोपुरता तो पुठ्ठ्याचा, टेबलाएवढा चेकही
मीच उचलून नेला. वर्गात शिरताना दारात अडकला.
मुलं हसली.
तिरका करा, मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

फेब्रुवारीत रोंडाचा फोन: या.
उणे बावीस. तळ्यावर तेवीस मुलं,
शेकोटीभोवती जमावं तशी
बर्फात पाडलेल्या एका भोकाभोवती.
कुणीतरी माझी टोपी सारून कानांवर हेडफोन चढवला.

आधी काहीच नाही.
मग खालून कुठूनतरी
लांबच लांब तार छेडल्यासारखं काही
या काठाकडून त्या काठाकडे धावत गेलं,
माझ्या बुटांखालून.
मग गुरगुर. मग किणकिण.
मग इतकी शांतता की स्वतःचंच रक्त ऐकू यावं.

माझ्या आजीचं पोट असंच वाजतं,
‘तिरका करा’वाली म्हणाली,
आणि वहीत तसंच लिहिलं, वेळेसकट: दहा वाजून चौदा मिनिटं.

सत्तर वर्षं मी या तळ्याकाठी राहतो.

मेमध्ये हिशेबाचा कागद आला.
लाभार्थी विद्यार्थी: तेवीस.
जमा साहित्य: रेकॉर्डर, एक मायक्रोफोन, वायर एकतीस मीटर.
दुसरा मायक्रोफोन रात्रीतून बर्फाने घट्ट धरला,
ओढला तेव्हा वायर तुटली.
किंमत एकशे अडतीस डॉलर. क्षमस्व.

नुकसानीत टाक, डेल्बर्ट म्हणाला.
मी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं.
भरला ट्रक, रिकामा ट्रक.
खिडकीबाहेर तळं मोकळं झालं होतं,
कुणीतरी होडीचं इंजिन चालू करायला धडपडत होतं,
चालू होत नव्हतं.

नुकसानीचा रकाना मी कोरा ठेवला.
शेजारी, शेऱ्याच्या जागेत लिहिलं:
तळ्यात आहे. ऐकतोय.

आणि त्याखाली बारीक अक्षरात,
डेल्बर्टला चष्म्याशिवाय दिसू नये असं:
पुढच्या खेपेला वायर जाड घ्यावी.