दाराची उंची

डेलमारचा उजवा हात मार्चपासून
मांडीवर पडून असतो, पाहुण्यासारखा.
डाव्या हाताने त्याने पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: ७५.
म्हणजे पंचाहत्तर घोडे.
मी खाली लिहिलं: चाळीस एकर,
त्यातले तेरा उताराचे,
आणि चालवणार मी.
त्याने ७५ खाली रेघ मारली. दोनदा.

मिझूरीच्या या टेकड्यांत कुरण एक वर्ष सोडलं
तर सीडर गुडघ्याला येतो,
दोन वर्षं सोडलं तर कमरेला,
तिसऱ्या वर्षी तो तुम्हाला विचारत नाही.
आणि रानगुलाब. त्याचं नावच काय ते गुलाब,
बाकी गाईंच्या कासेला विचारा.

दुकानात हिरवे, नारिंगी, निळे,
बघण्याच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखे, धुऊनपुसून.
कॉप नावाचा पोरगा, बाहीला इस्त्रीची धार,
हात मिळवला माझ्याशी
आणि बोलत राहिला डेलमारशी,
ज्याला बोलता येत नाही.
"काचेची केबिन, सर. एसी. रेडिओ."
डेलमारची मान हलली. ती हल्ली हलतेच.

मी चढले. क्लचपर्यंत पाय पोचेना.
सीट पुढे ओढली, तरी टाचेखाली हवा.
उतरले. दुसऱ्यावर चढले. उतरले.
चौथ्यावर पाय टेकला.
पंचावन्न घोडे, त्यातले पंचेचाळीस मागच्या शाफ्टला,
सहा फुटी कटरला भरपूर.
मी विचारलं, चाकं किती फाकवता येतात?
आत पाणी भरून देता का, न गोठणारं?
चढावर कटर उचलला
तर नाक उडतं का याचं?
कॉपने पहिल्यांदाच कागद उलटला.

"आणि ही डोक्यावरची कमान?"
"ती दुमडते, मॅडम. गोठ्याचं दार कितीही बुटकं असू दे."

दुमडते.
वेल्डन श्राडरने दुमडली होती एकदाच,
अक्रोडाच्या फांदीखालून जायला.
तळ्याच्या बांधापर्यंत उभी करायची राहून गेली.
त्याच्या बायकोने मला बाकी काही सांगितलं नाही,
एवढंच, की सीटच्या पट्ट्यावरचं
कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच होतं.

घरी आल्यावर मी टेप काढली.
गोठ्याचं दार: सहा फूट दहा इंच.
वर ओकची तुळई, डेलमारच्या बापाने तासलेली,
तासणीचे घाव अजून मोजता येतात,
अजून तिच्यावर एक खिळा आहे
ज्याला काहीच टांगलेलं नसतं
आणि जो कुणी काढत नाही.
ट्रॅक्टर, कमान उभी: आठ फूट एक.
मी टेप सोडली. ती सळसळत आत गेली.
डेलमार पोर्चवरून बघत होता.

जेवताना कुणी काही म्हणालं नाही.
मक्याची भाकर होती, घेवडा होता.
मग त्याने पाकीट ओढलं,
७५ वर काट मारली, वाकडीतिकडी,
आणि बराच वेळ लावून खाली लिहिलं:
साडेआठ.
मला वाटलं, किंमत सांगतोय.
त्याने पेन्सिल दाराकडे केली.
मग वर, तुळईच्याही वर.
मग करवत चालवल्यासारखा डावा हात
पुढे, मागे, पुढे.

शनिवारी श्राडरचा पोरगा चेनसॉ घेऊन आला.
लाकूड आत अजून लालसर होतं, ओलं वाटावं इतकं.
खिळा मी खिशात ठेवला. का, ते माहीत नाही.

जुलैच्या शेवटी वरचं कुरण कापलं.
सीडर कटरखाली फुटतात तेव्हा
कपाटातल्या कपड्यांसारखा वास येतो.
उताराला मी सरळ वर जाते, सरळ खाली येते,
आडवी कधीच नाही. पट्टा लावून.
डेलमार पोर्चवर, काठी उंच करून
एकाच जागेकडे दाखवत बसतो:
तिथे राहिलं. तिथे. दिसत नाही का तुला?

दिसतं.
खुर्चीएवढा गवताचा पुंजका, रानगुलाबासकट.
त्यात लावी बसली आहे, अकरा अंड्यांवर.
त्याला अजून सांगितलेलं नाही.
दाखवू दे थोडा वेळ.