हात कुणाचे

सुरंजनाचा चेहरा पाकिटातून यायचा.
मागे स्टुडिओचा शिक्का, दोन बाय तीनचा ब्रोमाइड,
गळ्यापाशी कापलेला.
खालचं सगळं बाबांनी बघायचं.
चिठ्ठीत एवढंच : तोडणकर, कव्हर गुरुवारी.

बाबा फोटोवर पेन्सिलीने चौकोन पाडायचे,
मग आईला हाक.

ती रेशनिंग ऑफिसातून आत्ताच आलेली,
अंगठ्याला अजून शाई,
चपला काढायच्या आत हातात कोथिंबिरीची जुडी :
हा गुलाब समज.
लाटणं : हा टेलिफोन.
उशी : हा ससा, जरा मायेने धर.
"आमटी लागेल हो खाली," म्हणायची
आणि ससा मायेने धरायची.

माहीमच्या त्या खोलीत, मोरीला लागून,
वीसेक वर्षं नट्या घडल्या.
कुणी दिवाळी अंकावर गेली, कुणी साबणाच्या वेष्टनावर,
आणि सगळ्यांची करंगळी वाकडी.

आचऱ्याला, लहानपणी, आईचं बोट दारात चेमटलं होतं,
वैदूने बसवलं ते तसंच बसलं.
बाबांनी जबडे कोरले,
तीळ सांगतील तसे लावले, सांगतील तसे पुसले,
एका नायकाला तर अख्खे केस दिले,
करंगळी सरळ करणं मात्र त्यांना सुचलं नाही.
किंवा सुचलं असेल.
विचारायचं राहून गेलं.

रंगाचं ऐकावं लागे.
संपादक म्हणत, तोंडापेक्षा हात सावळे दिसतात.
मग पांढरा, थोडा यलो ऑकर, क्रिमसनचा टिपका.
आई तांदूळ निवडता निवडता बघायची
आपले हात गोरे होताना.
"विचारा तुमच्या सुरंजनाला, साबण कुठला वापरते."

साप्ताहिकाच्या पंचविशीला, ताडदेवच्या हॉटेलात,
सुरंजनाने आईचा हात हातात घेतला,
सगळ्यांचा घेत होती तसाच,
आणि सोडायला विसरली.
अंगठ्याने करंगळीवरून एकदा फिरली,
खाली बघितलं, वर बघितलं.
बोलली काही नाही. मागे लोक उभे होते.

पुढच्या पाकिटात फोटो अखंड होता.
हातांसकट. लांबसडक, सरळ बोटं.
बाबा बराच वेळ बघत राहिले,
चौकोन पाडले,
आणि आईला हाक मारली.

नंतर कव्हरवर फोटोच छापायला लागले.
बाबा दुकानांच्या पाट्या करत राहिले,
कधी एखाद्या नगरसेवकाचा वाढदिवस.
पोस्टर कलरच्या बाटल्या एकेक करून खडखडू लागल्या.

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो नव्हता.
बाबा बसले काढायला. तीन रात्री.
सवयीने हनुवटी निमुळती झाली,
डोळे कानाकडे सरकले,
मावशीने दारातूनच विचारलं, "ही कोण रे नटी?"
तो कागद त्यांनी पालथा करून ठेवला.

मग ऑफिसच्या ओळखपत्रावरचा
मी मोठा करून आणला,
ठिपके ठिपके झालेला, गळ्यापाशी कापलेला.
बाबांनी पेन्सिल घेतली. चौकोन पाडले.
आणि स्वयंपाकघराकडे बघून
जी हाक मारली, ती नावाने नव्हती, नुसतंच "अगं."

मी हात पुसत गेले.
समोर बसले, पालथे हात मांडीवर.
"करंगळी," ते म्हणाले,
"जराशी वाकव."